पाण्यावरच पाणी सोडलं

बेटी हे नेवाडातलं हजारभर वस्तीचं गाव. स्पेलिंग काही का सांगेना, तिथली माणसं ‘बेटी’च म्हणतात. मुख्य रस्त्यावर मोकाट गाढवं हिंडत असतात. सोन्याच्या खाणींच्या दिवसांत आणलेल्या जनावरांची ही पिल्लावळ. लास व्हेगासहून डेथ व्हॅलीला निघालेले लोक इथे पेट्रोल भरतात, गाढवांचे फोटो काढतात आणि पुढे जातात. लेक-जावयाबरोबर मीही तेवढ्यासाठीच थांबलो होतो. पण ज्याची सगळी नोकरी भूजलाच्या कामात गेली तो माणूस कुठल्याही गावात शिरला की आधी झाडं बघतो. इथे कॉटनवुडची दांडगी झाडं होती आणि ओढ्यालगत लव्हाळ्यांची दाटी होती. वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात एवढं हिरवं दिसलं, तर पाणी खालून वर येतंय एवढं कळायला पाणाड्या लागत नाही.

अमारगोसा नावाची नदी इथून जाते. वर्षातला बराच काळ ती जमिनीखालूनच वाहते. ज्या दरीत गाव वसलंय तिचं नाव ओॲसिस व्हॅली, आणि तिथले झरे आटत नाहीत. आता पाणी वर येतंय तर ते येतं कुठून? आमच्या धंद्यात हा प्रश्न सवयीनंच येतो. नकाशा उघडला की उत्तर मिळतं. ईशान्येच्या बाजूला पहूट मेसा नावाचं ज्वालामुखीच्या राखेचं उंच पठार आहे. तिथलं पाणी नैऋत्येला, म्हणजे बेटीच्या रोखानं सरकतं. आणि त्याच पठाराच्या पोटात अमेरिकेनं ऐंशीहून जास्त अणुस्फोट केले आहेत, त्यातले कित्येक सगळ्या नेवाडात सर्वांत मोठे.

नेवाडाच्या चाचणीक्षेत्रातला पहिला स्फोट जानेवारी १९५१मधला आणि शेवटचा २३ सप्टेंबर १९९२चा. एकूण ९२८. त्यातले शंभर उघड्यावर झाले. ते ढग बघायला लास व्हेगासच्या हॉटेलांत गर्दी व्हायची आणि हॉटेलवाले त्याची जाहिरात करायचे. तो सगळा तमाशा आता शहरातल्या अणुचाचणी संग्रहालयात मांडून ठेवलाय. एका खोलीत बाकावर बसवून स्फोटाचा हादरा आणि वाऱ्याचा झोतही देतात. नातवंडांना मजा आली. १९६३च्या करारानं वातावरणातल्या चाचण्या बंद झाल्या आणि उरलेलं सगळं जमिनीखाली गेलं. ढग दिसेनासा झाला तसं बघणाऱ्यांचं लक्षही उडालं. मला वाटतं, संग्रहालयातही हा भाग बघताना लोकांची पावलं भराभर उचलली जातात, कारण बघण्यासारखं तिथे फार काही नाही.

खरं म्हणजे आमच्यासारख्यांची गोष्ट तिथूनच सुरू होते. दोन-तीन मीटर रुंदीचं भोक पाडायचं, काही ठिकाणी किलोमीटरपेक्षाही खोल. त्यात बॉम्ब आणि मोजमापाची यंत्रं सोडायची आणि वरून वाळू-खडीनं ते ठासून बंद करायचं. स्फोट झाला की भोवतालचा दगड क्षणात वाफ होतो आणि पोकळी तयार होते. तिच्या भिंतींचा वितळलेला दगड तळाशी साचून काचेसारखा घट्ट होतो. प्लुटोनियमचा मोठा वाटा या काचेत अडकतो. थोड्या वेळानं पोकळीचं छत कोसळतं, मग त्याच्या वरचं, मग त्याच्याही वरचं. धान्याच्या राशीतून खालून दाणे काढले की वर जसा खळगा पडतो, तसा जमिनीवर खळगा पडतो. युक्का फ्लॅट नावाचं मैदान असल्या खळग्यांनी भरलंय. उपग्रहाच्या चित्रात ते सहज दिसतात.

दगडाची वाफ थंड होते तेव्हा त्यातला ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचाच किरणोत्सारी भाऊ, ऑक्सिजनशी जुळतो आणि पाणी होऊन बसतो. हे जरा नीट लक्षात घ्यायला हवं. पाण्यात फ्लोराइड असेल, आर्सेनिक असेल, तर ते काढायच्या युक्त्या आहेत. इथे पाण्यात मिसळलेलं काही नाही, पाण्याचा रेणूच तसला आहे. गाळणार काय आणि उकळणार काय! पाणी ज्या वेगानं चालेल त्याच वेगानं ट्रिटियम चालणार.

जमिनीखालच्या या ८२८ स्फोटांपैकी साधारण एक तृतीयांश भूजलाच्या पातळीखाली किंवा तिच्या अगदी जवळ झाले. वाळवंटात पाणी खूप खोल असतं, त्यामुळे लहान बॉम्ब कोरड्या दगडात उरकता येत होते. मोठ्या बॉम्बांना जास्त खोली हवी. शिवाय युक्का फ्लॅटवर मोठा बॉम्ब उडवला की लास व्हेगासच्या उंच इमारती हलायच्या. म्हणून मोठे बॉम्ब लांब, पहूट मेसावर गेले. तरीही धक्के शहरापर्यंत पोचत होतेच. अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज तेव्हा डेझर्ट इन हॉटेलच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहायचा. एप्रिल १९६८मधला ‘बॉक्सकार’ स्फोट थांबवावा म्हणून त्यानं थेट राष्ट्राध्यक्ष जॉन्सनना गाठलं होतं. स्फोट ठरल्या वेळी झाला. त्याच वर्षी डिसेंबरात ‘बेनहॅम’ उडवला, १.१५ मेगाटनचा, सुमारे १४०० मीटर खोलीवर. त्या पठारावर सहा-साडेसहाशे मीटरवरच पाणी लागतं. म्हणजे हा बॉम्ब पाण्याच्या वर नव्हता, पाण्याच्या काठावरही नव्हता, चांगला सात-आठशे मीटर पाण्यात होता.

हे करणाऱ्यांना भूजल कळत नव्हतं असं म्हणून मी मोकळा होणार नाही. त्यांच्याकडचे भूगर्भतज्ज्ञ आमच्यापेक्षा कितीतरी जास्त साधनं वापरत होते. ‘कॅम्ब्रिक’चा प्रयोगच बघा. मे १९६५मध्ये फ्रेंचमन फ्लॅटच्या मैदानाखाली एक छोटा बॉम्ब उडवला, पाऊण किलोटनचा, भूजलाच्या पातळीखाली. १९७४मध्ये त्या पोकळीत पुन्हा भोक पाडून पाणी तपासलं आणि तिथून ९१ मीटरवरच्या विहिरीतून १९७५पासून उपसा सुरू केला. पोकळीतलं पाणी ओढलं जाऊन विहिरीपर्यंत येतं का, आलं तर त्याच्याबरोबर काय काय येतं, एवढंच बघायचं होतं. पंप सुरू ठेवला तो १९९१पर्यंत, सोळा वर्षं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हेवा वाटला. आमच्याकडे पंपिंग टेस्ट म्हणजे डिझेल संपेपर्यंत, फार तर रात्रभर, आणि तीही सरपंचांची परवानगी असेल तर. साधारण दोन वर्षांनी विहिरीत ट्रिटियम दिसू लागला. पुढे त्यातला बहुतेक ट्रिटियम बाहेर आला. सीझियम आणि स्ट्रॉन्शियम ही स्फोटातली दुसरी किरणोत्सारी द्रव्यं मात्र दगडाला धरून मागेच राहिली. उपसलेलं पाणी चर खणून कोरड्या तळ्याकडे सोडलं जायचं. वाळवंटातला चर तो, पाणी वाटेतच जिरायचं आणि पुन्हा खाली जायचं. काढलं एका जागचं आणि घातलं शेजारी. ते पुन्हा खाली चाललंय म्हणून त्यावर वेगळा अभ्यासही झाला. शास्त्रज्ञांनी काही वाया घालवलं नाही.

प्लुटोनियम दगडाला घट्ट चिकटतं, पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते जागचं हलत नाही, असा सगळ्यांचा समज होता आणि पुष्कळ अंशी तो खराही आहे. १९९०च्या दशकात पहूट मेसावर नव्या निरीक्षण विहिरी खणल्या. ‘टायबो’ नावाच्या १९७५च्या स्फोटापासून त्या तीनशे मीटरवर होत्या. पाण्यात प्लुटोनियम मिळालं, अगदी थोडं, पिण्याच्या मर्यादेच्याही पुष्कळ खाली. अर्थात ते टायबोचंच असणार. पण लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या ॲनी कर्स्टिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या प्लुटोनियम २४० आणि २३९ या दोन प्रकारांचं एकमेकांशी प्रमाण काढलं. प्रत्येक बॉम्बचं हे प्रमाण वेगळं असतं आणि ते लपवता येत नाही. हे प्रमाण टायबोशी जुळलं नाही. ते जुळलं बेनहॅमशी. बेनहॅम तिथून १.३ किलोमीटर दूर होता आणि स्फोटाला तीस वर्षंही झाली नव्हती. १९९९च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये हे छापून आलं.

हलत नाही ते हललं कसं? पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर बसून. हे कण चिकणमातीचे आणि झिओलाइटचे होते. झिओलाइट हा शब्द वाचला आणि मी नकळत खुर्चीत सरसावून बसलो. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात, बसाल्टच्या पोकळ्यांमध्ये हेच खनिज भरलेलं असतं. विहीर खणताना पांढरे, गुलाबी, काचेसारखे स्फटिक निघतात ना, जळगाव-नाशिककडून ते जगभरच्या दुकानांत जातात, तेच हे घराणं. पाणी शुद्ध करायलाही झिओलाइट वापरतात, कारण ते वाटेतले आयन धरून ठेवतं. इथे त्यानं प्लुटोनियम धरून ठेवलं खरं, आणि मग ते घेऊन चालू लागलं.

२००९मध्ये आणखी एक गोष्ट झाली. चाचणीक्षेत्राच्या हद्दीबाहेर, हवाईदलाच्या जमिनीवर खणलेल्या एका विहिरीत ट्रिटियम सापडला. हद्दीच्या बाहेर तो पहिल्यांदाच दिसत होता. प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा कमी होतं. ही मर्यादा अमेरिकेत लिटरला ७४० बेकरेल (हे किरणोत्सार मोजायचं एकक) आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दहा हजार चालतात. युरोपात शंभर झाले की चौकशी करा म्हणतात. आयुष्यभर अहवालांवर ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ लिहीत आलेल्या माणसाला अशा आकड्यांचं फार नवल वाटत नाही. पाणी एकच असतं, त्याची इयत्ता टेबलावर ठरते.

बेटीच्या लोकांनी घाबरावं का? मला विचाराल तर नाही. ओॲसिस व्हॅलीच्या झऱ्यांत आणि विहिरींत चाचण्यांचा ट्रिटियम आढळलेला नाही. ट्रिटियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, १२.३ वर्षांचं. शंभर वर्षांत तो अडीचशेव्या हिश्शाच्याही खाली येतो. पठारापासून गावापर्यंतचा रस्ता भेगाभेगांतून जातो आणि पाणी सावकाश येतं. ते पोचेपर्यंत त्यातला जोर संपलेला असेल असं गणित सांगतं आणि मला ते पटतं. मागे राहतात ते लांब आयुष्याचे. कार्बन १४ पाच हजार सातशे वर्षांचा, प्लुटोनियम २३९ चोवीस हजारांचा, क्लोरिन ३६ तीन लाखांचा. आयोडीन १२९ तर दीड कोटी वर्षांच्या पुढचा. ते थोडे आहेत, पण घाईत नाहीत.

माझा जीव अडकतो तो वेगळ्याच ठिकाणी. १९९६मध्ये नेवाडा राज्य, अमेरिकेचं ऊर्जा खातं आणि संरक्षण खातं यांच्यात करार झाला. स्फोटांच्या जागांचं काय करायचं ते त्यात ठरलं. जमिनीवरची दूषित माती उचलून पुरता येते. पाण्याचं तसं करता येत नाही. शेकडो पोकळ्या, त्याही एवढ्या खोल, उपसून शुद्ध करायचं तंत्र कुणाकडेच नाही. तेव्हा ते पाणी आहे तिथेच राहू द्यायचं, पुढच्या हजार वर्षांत ते कुठवर पसरेल याचं गणित मांडायचं, नकाशावर रेषा आखायची, रेषेच्या आत कुणाला विहीर खणू द्यायची नाही आणि रेषेवर नजर ठेवायची. फ्रेंचमन फ्लॅटची फाइल अशीच २०१६मध्ये बंद झाली. मी त्या टेबलावर असतो तर मीही सही केली असती. दुसरं करण्यासारखं काही नाही. आणि तरीही माणदेशात वाढलेल्या माणसाला हे वाचताना पोटात कालवल्यासारखं होतं. आमच्याकडे पाच-सहाशे फूट बोअर मारून धुरळाच उडाला तरी लोक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जागी नारळ फोडतात. इथे वाळवंटाखाली हिमयुगाच्या अखेरीस पडलेल्या पावसाचं पाणी आहे. ते संपलेलं नाही, आटलेलं नाही, कुणी प्यायलेलंही नाही. सरकारनं त्यावर पाणी सोडलं, कायमचं.

वाटेल, कायमचं कशाला, हजार वर्षं म्हटलंय ना. हजार वर्षांपूर्वी देवगिरीचं राज्य उभं राहिलं नव्हतं. अलिबागजवळच्या आक्षीचा मराठी शिलालेख १०१२चा, म्हणजे साधारण तेवढ्याच वयाचा. दानाची नोंद दगडात कोरलेली, आणि तो दगड कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला पडून होता. गधेगाळ तर कोकणात गावोगाव सापडतात. दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला अर्वाच्य शिवी, वाचता न येणाऱ्यासाठी चित्रासकट. इतका स्पष्ट इशारा दुसरा कुठला असेल? आज काही ठिकाणी त्यांना शेंदूर लागलाय.

इतकं लांब तरी कशाला जायचं. विदर्भ-मराठवाड्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे भूजलात फ्लोराइड जास्त आहे. दात पिवळे पडतात, हाडं वाकतात. असल्या हातपंपांना लाल रंग मारून ‘पिण्यास अयोग्य’ लिहायचं काम मी केलंय. नंतर पुन्हा त्या बाजूला गेलो तर रंग उडालेला असायचा आणि बायका घागरी भरत असायच्या. एकीनं मला समजावलं होतं, “साहेब, त्यो चांगला पंप पार तिकडं वढ्यापल्याड हाय. रंगानं तहान भागत न्हाई.” तिला रंगाचा अर्थ पुरता ठाऊक होता. लोक अडाणी आहेत म्हणून बंदी मोडते हे साफ खोटं. तहान लागते म्हणून मोडते. नेवाडातली ती जमीन आज कडेकोट सरकारी आहे, पहारा आहे, पैसा आहे. दोनशे वर्षांनी तिथे तहान असेल की पहारा, याचं गणित कुठल्या मॉडेलमध्ये घालायचं?

मुळात ती जमीन सरकारची झाली कशी, हाही एक प्रश्नच आहे. वेस्टर्न शोशोनी लोकांनी १८६३मध्ये रुबी व्हॅलीला अमेरिकेशी तह केला. त्यात त्यांनी गोऱ्यांना ये-जा करू दिली, खाणी काढू दिल्या. मुलूख देऊन टाकला असं त्यांचं म्हणणं कधीच नव्हतं. पुढे सरकारनं नुकसानभरपाई ठरवली, सुमारे २ कोटी ६० लाख डॉलर, आणि ती १९७९मध्ये त्यांच्या नावे स्वतःच्याच तिजोरीत जमा केली. त्यांनी घ्यायला नकार दिला. १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पैसे तुमच्या वतीनं सरकारनंच स्वीकारले, तेव्हा व्यवहार पुरा झाला. धरणग्रस्तांची मोबदल्याची प्रकरणं पाहिलेल्या कुणालाही ही युक्ती ओळखीची वाटेल. वाळवंटात राहणाऱ्या लोकांचा नकाशा झऱ्यांचा असतो. शोशोनींचे बुजुर्ग कॉर्बिन हार्नी चाचणीक्षेत्राच्या फाटकाशी प्रार्थना करायचे, तेव्हा बोलायचे ते सगळं पाण्याबद्दल.

हाच देश पाण्याकडे डोळ्यांत तेल घालून बघू शकतो, याचा पुरावा तिथून फार लांब नाही. ॲश मेडोजला डेव्हिल्स होल नावाची पाण्यानं भरलेली खोल कपार आहे. त्यात इंचभर लांबीचा एक मासा राहतो, जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारा. शेजारच्या शेतकऱ्याच्या पंपांमुळे पाण्याची पातळी उतरली आणि मासे अंडी घालतात तो उथळ दगड उघडा पडायला लागला. १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उपशावर मर्यादा घातली. माशांसाठी पातळी राखा! त्या निकालाबद्दल मला मनापासून आदर आहे. फक्त तेव्हा पहूट मेसावर काय चाललं होतं हेही आठवतं.

आपल्याकडची एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोखरणला १९७४च्या चाचणीसाठी विहीर खणताना पाणी लागलं आणि ती जागा सोडावी लागली. मग मलकी नावाच्या ओसाड गावाजवळ, जिथल्या जुन्या विहिरी कोरड्या होत्या, तिथे दुसरी खणली. पाण्याची काळजी म्हणून नव्हे, पाण्यात काम करता येईना म्हणून. त्यातलं प्लुटोनियम मुंबईचं, तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीतलं. तेव्हा हा विषय अमेरिकेचा, आपला नव्हे, असं म्हणायची सोय नाही. थरच्या वाळवंटातही विहिरींवरच गावं जगतात, आणि तिथल्या निरीक्षण विहिरींचे आकडे, आमच्याकडे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेमध्ये मोजतो तसे, वर्षानुवर्षं लोकांसमोर यायला हवेत एवढंच माझं म्हणणं. अणुशक्तीला विरोध म्हणून नाही. ज्याच्या शेताखालून पाणी जातं त्याला ते विचारायचा हक्क आहे म्हणून.

बेटीहून परतलो त्या आठवड्यात जावईबापूंनी मला पॅरम्प गावातल्या एका प्लॉटचे कागद दाखवले. लास व्हेगासपासून तासाभरावर, एकराचा तुकडा, स्वतःची विहीर, निवृत्तीनंतर चार झाडं लावायची. “बाबा, एवढं सगळं ऐकल्यावर आता धीर होत नाही. ते पाणी तिकडे येईल का हो?”

“नाही येणार,” म्हटलं. “तुमच्या पॅरम्पला पाणी येतं ते स्प्रिंग माउंटन्सच्या बर्फाचं. खोरंच वेगळं. बॉम्बची काळजी सोडा.”

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला तेवढ्यात मी विहिरींची यादी मागितली. त्या एका खोऱ्यात दहा हजारांच्या वर घरगुती विहिरी आहेत, नेवाडात सर्वांत जास्त. कागदावर वाटलेले पाण्याचे हक्क खोऱ्यात दरवर्षी मुरणाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि नव्या विहिरींवरून कोर्टकज्जे झालेले आहेत. मी त्यांना शेजारच्या बोअरच्या गेल्या वीस वर्षांच्या पातळ्या काढायला सांगितलं आणि आपली मोटार किती फुटांवर बसवणार ते विचारलं. ते त्यांनी अजून ठरवलं नव्हतं.